खिडकीत बसायचं नाही

दाढ ठणकत होती डावीकडची, आणि श्वास ऐकू आला तो उजवीकडून. दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, पाण्याच्या पिंपाच्या वर, भिंतीला एक टीव्ही टांगला होता. पेशंटांनी आपापल्या दुखण्याचा फार विचार करू नये म्हणून त्यावर सकाळपासून काहीतरी चालू असे. ती गालावर हात धरून, मान खाली घालून बसली होती. पडद्याकडे बघायची तिची इच्छाच नव्हती. पण डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, आणि कान तर तिचं पोटापाण्याचं साधन. आधी बुटाखाली चुरडला जाणारा बर्फ ऐकू आला. मग ताणलेला दोर करकरला. मग तो श्वास आला. आत ओढताना खरखरणारा, मध्येच अडकणारा, सोडताना नाकात किंचित चोंदलेला. तिने झटकन वर पाहिलं. पडद्यावर एक गिर्यारोहक बाई बर्फाच्या भिंतीला चिकटून होती, भुवयांवर हिमाचे कण, ओठ फाटलेले. आणि त्या फाटलेल्या ओठांतून हिचा स्वतःचा श्वास बाहेर पडत होता. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऐन सर्दीत, पायात घरच्या सपाता घालून दिलेला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मांडीवरची पिशवी सावरली आणि रुमाल डोळ्यांना लावला. "ऐकताय ना?" त्या हलकेच म्हणाल्या. "कसा जीव घाबरा झालाय तिचा. बाकी सगळं खोटं करता येतं हो, पण श्वास काही खोटा काढता येत नाही."

कोणी खाडकन कानाखाली वाजवावी तसं तिला झालं. एरवी अशा वेळी ती मनातल्या मनात खुशीत आली असती. अनोळखी बाईने आपल्या सर्दीवर दोन अश्रू ढाळावेत, याहून मोठी पावती तिच्या धंद्यात दुसरी नाही. पण कालच ठकी, म्हणजे तिची भाची, अगदी हेच बोलली होती, शब्दही जवळजवळ हेच, आणि तेव्हा ती मूग गिळून बसली होती. आतून नर्सने तिचा नंबर पुकारला. ती उठली, नर्सकडे बघून उगीचच मान हलवली आणि आत जायच्या ऐवजी सरळ जिन्याने खाली रस्त्यावर आली. दाढ तशीच ठणकत राहिली. ठणकू दे, तिने मनात म्हटलं, आज काहीतरी दुखत असलेलंच बरं.

स्टुडिओत तिला सगळे पाऊलबाई म्हणत. सिनेमातली माणसं चालतात, दारं लोटतात, कप खाली ठेवतात, त्यांचे आवाज बहुतेक वेळा नंतर, एका बंद खोलीत, चित्राकडे बघत बघत केलेले असतात; ते करणारी ही बाई. आणि डोंगरावरच्या सिनेमांचं तर विचारूच नका. तिथे वारा माइकवर असा काही तुटून पडतो की दोर, बूट, बोलणं, श्वास सगळं वाहून जातं आणि उरते ती नुसती घरघर. मग ते सगळं पाऊलबाईच्या खोलीत पुन्हा जन्माला घालायचं. बर्फ म्हणजे चामड्याच्या पिशवीत भरलेलं मक्याचं पीठ. पिशवी मुठीत दाबली की कोरडा, ताजा हिम पायाखाली चुरडतो. कडा म्हणजे कोपऱ्यातली एक खडबडीत लादी. श्वासाची मात्र तिची स्वतःची रीत होती. दमल्याचं सोंग आणता येतं, पण ते सोंग ऐकू येतं, असं तिचं ठाम मत. म्हणून तिने दाराच्या चौकटीत एक लोखंडी दांडा बसवून घेतला होता. माइक तोंडाशी आणायचा आणि दांड्याला लटकायचं. हात भरून येतात, खांदे निखळतायत असं वाटतं, आणि मग श्वास आपोआप हवा तसा होतो, त्याला काही शिकवावं लागत नाही. काचेपलीकडे बसणारा म्हातारा रेकॉर्डिस्ट, ज्याला सगळे कानसेन म्हणत, तो तिची नेहमी खेचायचा. "पाऊलबाई, तुम्ही जितकी शिखरं सर केलीत तितकी कुणाच्या बापाने केली नसतील. तीही चौकटीतनं बाहेर न पडता." ते खरंच होतं. दोन मजले चढली की तिला धाप लागायची. डोंगराच्या पायथ्याला तिने आयुष्यात कधी पाय लावला नव्हता.

डोंगरावर गेली ती ताई. रस्ता ओलांडताना, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाताना, पलीकडच्या फुटपाथवर चढताना तिला ताईच दिसत होती. तिची पाठ, कारण ताई नेहमी पुढे असायची. लहानपणी अख्खी गल्ली तिला घोरपड म्हणायची. भिंत दिसली की ताई तिच्यावर. शाळेच्या गच्चीचा पाइप, पाण्याची टाकी, शेजारच्यांच्या सज्जाचे गज, काही सोडलं नाही. आणि प्रत्येक वेळी खाली उभं राहून "अगं ये ना खाली" म्हणायला धाकटी बहीण ठेवलेलीच. त्या वयात दोघींना एकच चैन होती. शहरातल्या गिर्यारोहण मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एका दुपारी डोंगरावरचे सिनेमे दाखवायचे. लोखंडी घडीच्या खुर्च्या, काळ्या कापडाने झाकलेल्या खिडक्या, मागे मशीनचा तडतडाट, आणि समोर धूसर, थरथरता, पांढराशुभ्र डोंगर. पहिल्या दिवशी दाखवला तो मुका सिनेमा होता. कोट-टाय घातलेले, मिशा पिळलेले गृहस्थ दोर कमरेला बांधून एका सुळक्यावर चढत होते, एकाच्या तोंडात तर पाइपही होता. आवाज नव्हता म्हणून धाकटीने अंधारात तोंडाने बुटांचे आवाज काढायला सुरुवात केली, टक, खरड, टक. पुढच्या रांगेतले लोक हसले. ताईने तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तो आवाजही सिनेमात बसला. पाऊलबाईचा धंदा सुरू झाला तो त्या चिमट्यापासून, असं ती कोणी विचारलं की सांगायची.

आवडीनिवडींवरून दोघींची भांडणं व्हायची. ताईचा सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे ज्यात ती चार माणसं माथ्याच्या अगदी जवळ जातात, वर बघतात, एकमेकांकडे बघतात आणि परत फिरतात. बस. ना झेंडा, ना मिठ्या. हॉलमधले लोक चुकचुकत उठले, पण ताईचे डोळे लकाकत होते. "बघितलंस? परत फिरले. याला म्हणतात चढणं." धाकटीला तो रटाळ वाटायचा. तिचा आवडता वेगळाच होता; त्यात दोन माणसं वादळात अडकून तंबूत बसलेली असतात, सूप उकळत असतात आणि काहीही करत नाहीत. पत्र्याच्या भांड्यावर चमच्याचा आवाज, स्टोव्हचा फुसफुसाट, आणि बाहेर वाऱ्याचा दंगा. ताई म्हणायची, "तुला डोंगर नको, तुला स्वयंपाकघर पाहिजे. फक्त उंचावर." एका सिनेमावर मात्र दोघींचं एकमत होतं. एक मुलगी प्रचंड कड्याच्या मध्यावर, टांगत्या खाटेवर रात्र काढते आणि सकाळी उठून, पाय हवेत सोडून, आरामात केस विंचरते. नुसते केस विंचरते. खाली ढग. घरी आल्यावर ताई गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसायची आणि फणी मागायची.

आणि एका गोष्टीवर ताई हमखास चिडायची. त्या सिनेमांमध्ये एक खिडकी असते. नीट बघितलं तर जवळपास प्रत्येकात सापडेल. डोंगरावर कोणीतरी मेलेला असतो आणि मग एकदम एक घर येतं, घरात खिडकी, खिडकीपाशी त्याची बायको, हातात कप, चेहऱ्यावर एका बाजूने उजेड. ती बाहेर बघते आणि सांगते, मला वाटलंच होतं. "ही बघ, आली खिडकीतली बाई," ताई अंधारात दात ओठ खात म्हणायची. "हिला चहा गार होईपर्यंत बसवून ठेवलंय त्यांनी. आता म्हणेल, तो शेवटी माझंच नाव घेत होता." आणि हॉलमधून बाहेर पडताना एकदा, डोळ्यांवर ऊन आल्याने डोळे बारीक करून, ताईने तिचं मनगट धरलं होतं. "ऐक. मी कुठे पडलेबिडले ना, तर तू खिडकीत बसायचं नाही. काय?" ती तेव्हा हसली होती. ताई हसली नव्हती.

ताई गेली ती ठकी पाच वर्षांची असताना. नुसती गेली, एवढंच कळलं होतं. जोडीदार खालच्या टप्प्यावर थांबला होता, ताई पुढची वाट शोधायला एकटीच वर चढली आणि वरून हिम सुटलं. पुढच्या मोसमात दुसऱ्या एका तुकडीला खाली उतारावर तिचं हेल्मेट सापडलं, त्याला लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यासकट. चित्र शाबूत होतं. आवाज मात्र साफ गेलेला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वारा, दुसरं काही नाही. आणि चित्रात तरी काय, तर दोन हातमोजे, कुऱ्हाड, दगड, बर्फ, पुन्हा हातमोजे. कॅमेरा तिच्याच डोक्यावर, मग चेहरा दिसणार कसा? वर्षानुवर्षं ते हेल्मेट भावोजींच्या माळ्यावर होतं. ठकी मोठी झाली, कमवायला लागली, तेव्हा ते तिने मागून घेतलं आणि आपल्या खोलीत टेबलावर ठेवलं. त्याची बातमी कुठून तरी एका तरुण दिग्दर्शकाला लागली. तो आला, हळू आवाजात बोलला, ठकीच्या आजीचे पाय चेपायचेच काय ते बाकी ठेवले, आणि ताईवरचा माहितीपट उभा राहिला.

बाईवरचा डोंगरपट आणि पुरुषावरचा डोंगरपट यात फरक असतो हे तिला धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं, पण घरच्या माणसावर बेतलं तेव्हा ते तिच्या अंगावर आलं. पुरुष मेला की डोंगर क्रूर असतो. बाई मेली की बाईच. दिग्दर्शकाने भावोजींना खिडकीत बसवलं. ते म्हणाले, "मी तिला म्हटलं होतं, पोरीकडे बघ." आईला बसवलं. आई म्हणाली, "ऐकलं का तिने कधी कुणाचं?" आणि रडली, आणि तिचं रडणं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. पाऊलबाईला विचारलं तेव्हा तिने कानावर हात ठेवले. मी पडद्यामागची बाई, मला पडद्यावर आणू नका, आवाजाचं काम मात्र मीच करणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. तो खूश झाला. तिलाही आपण ताईचा शब्द राखला असं वाटलं. आणि मग महिन्याभरापूर्वी एका गुरुवारी त्याने तिला शेवटचा तुकडा लावून दाखवला, तो हातमोज्यांचा, आणि म्हणाला, "मॅडम, इथे चेहरा नाहीये. प्रेक्षकाला कळणार कसं तिच्या मनात काय चाललंय? मला श्वास हवाय. आधी भीती, मग हुंदका. शेवटी तिला घर आठवलंच असणार ना. मुलगी आठवली असणार."

त्या दिवशी ती दांड्याला लटकली नाही. चालता चालता हे आत्ता, फळवाल्याच्या गाडीपाशी, तिला लख्ख आठवलं आणि ती थांबलीच. ती खुर्चीवर बसली होती. दिवे मंद केले होते, समोर ताईचे हातमोजे दगड चाचपत होते, आणि तिने तोंड उघडलं तर हुंदका आपोआप आला, पहिल्याच फटक्यात. कानसेनने काचेपलीकडून अंगठासुद्धा वर केला नाही, नुसता बघत राहिला. दिग्दर्शक म्हणाला, हेच, हेच पाहिजे होतं. सगळ्यांना वाटलं, बहिणीची माया. माया कसली डोंबलाची. राग होता तो. इतक्या वर्षांचा, जपून, घडी घालून ठेवलेला राग. ताई गेली आणि मागे राहिलं ते सगळं हिच्या पदरात पडलं. ठकीच्या वेण्या, ठकीचा ताप, आईची तीच तीच वाक्यं, भावोजींचं गप्प बसणं. ताईला शेवटी एकदा तरी पस्तावा झाला असेल, निदान एकदा, निदान क्षणभर, एवढंच तिला हवं होतं. तसं कोणी सांगितलं असतं तर तिने त्याचे पाय धरले असते. कोणी सांगणारं नव्हतं. म्हणून तिने ते स्वतःच करून घेतलं, पुरावाच तयार केला, आणि तो ताईच्या तोंडात कोंबला. आपण खिडकीत बसलो नाही म्हणून मिरवत होतो आणि ताईलाच नेऊन खिडकीत बसवलं.

काल ठकी आली होती ती तो माहितीपट, अजून पुरता न झालेला, बघून. दारातच गळ्यात पडली. ठकी म्हणजे गळ्यात पडणारी मुलगी नव्हे. ती लिफ्टची मेकॅनिक. दिवसभर लिफ्टच्या बोगद्यात, लोखंडी शिड्यांवर, हातांना ग्रीस. चढते मीही, पण आजीच्या समाधानासाठी छपराखाली, असं ती स्वतःच म्हणायची. दात सरळ करायला तार लाव, म्हणून आजी वर्षानुवर्षं मागे लागली होती, तर पुढच्या दोन दातांमधली फट दाखवून हसायची. अशी ती ठकी काल मावशीच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "मावशी, ती रडली गं शेवटी. त्यांनी हेल्मेटमधला आवाज साफ केला. मी ऐकलं. श्वास खोटा नसतो ना." आणि मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होती? पोरीला पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं. ते तिच्या हातातून हिसकावून घ्यायचं तर छाती दगडाची पाहिजे. तिने पोरीला जेवायला वाढलं, स्वतःही बसली, आणि पहिल्याच घासाबरोबर तिची दाढ दुखायला लागली.

स्टुडिओच्या जिन्यात तिने ठकीला फोन लावला. कुठे आहेस, म्हणाली. दोन गल्ल्या पलीकडे एका दवाखान्याची लिफ्ट अडकली होती, ती नुकतीच सुटली होती. "हत्यारं आवर आणि इकडे ये. आत्ता." ठकीने का म्हणून विचारलं नाही. मग ती वर गेली, धाप लागली, तशीच धापेसकट मिक्सिंगच्या खोलीत शिरली. दिग्दर्शक खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता, कानसेन बटणांपाशी. पडद्यावर तेच दोन हातमोजे स्थिर उभे होते.

"तो श्वास काढा," ती म्हणाली.

"कोणता, मॅडम?"

"शेवटचा. हुंदका. मी दिलेला. मी परत घ्यायला आलेय."

दिग्दर्शकाने पाय खाली घेतले. तो उर्मट नव्हता, तसा असता तर सोपं झालं असतं. "मॅडम, सगळ्या सिनेमात तेवढी एकच जागा खरी वाटते."

"वाटते, म्हणूनच काढायची. ठकीला काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगितलं? हेल्मेटचा ट्रॅक साफ केला, तर खाली तिचा..." तो मध्येच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं की तो खोटं बोलत नव्हता. पुन्हा पुन्हा ऐकून ऐकून तो खरंच विसरला होता. या धंद्यात हे होतं. आपणच लावलेला दरवाजाचा आवाज महिन्याभराने आपल्याला मूळचा वाटायला लागतो. त्याने कानसेनकडे पाहिलं. कानसेन चष्मा पुसत होता.

"साफ करायला होतं काय त्यात?" ती म्हणाली. "नुसता वारा होता. तुम्हीच ऐकवला होतात मला."

तो हळूच, समजुतीच्या सुरात म्हणाला, "समजा तसं असेल. पण तुमच्या भाचीला बरं वाटलंय. आजीला बरं वाटेल. बघणाऱ्या हजार बायकांना वाटेल, की ती आई होती. यात नुकसान कुणाचं?"

"जिचं तोंड आहे तिचं."

"त्यांना आता काय फरक पडतो?"

तिला बोलायचं खूप होतं आणि दाढेमुळे तोंड धड उघडत नव्हतं. मग ती सावकाश, एका बाजूने बोलली. "हे बघा. तुम्ही तिचे हात पाहिलेत का कधी? सिनेमा केलात, पण पाहिलेत का? कुठे थरथरतायत ते? दगड चाचपते, हा नको म्हणते, दुसरा धरते. ही बाई कामात आहे. सुई ओवताना, गणित सोडवताना, ठकीचे बारीक केस विंचरताना ती अशीच असायची. मला राग होता म्हणून मी ते बघितलं नाही. तुम्हाला गोष्ट पाहिजे होती म्हणून तुम्ही बघितलं नाही."

दार उघडून ठकी आत आली होती, हातात हत्यारांची पिशवी, कपाळावर ग्रीसचा पट्टा. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने पिशवी खाली ठेवली. "मावशी, काय परत घ्यायला आलीस तू?"

जी काही दगडाची छाती पाहिजे होती तिची हीच वेळ होती. तिने सांगितलं, न थांबता, ठकीच्या तोंडाकडे बघत. खुर्ची सांगितली, मंद दिवे सांगितले. "तो हुंदका माझा. तुझ्या आईचा श्वास कोणाकडेच नाही. वाऱ्याने नेला."

ठकीच्या गालाचा एक स्नायू हलला. "म्हणजे ती माझ्यासाठी रडली नाही."

"माहीत नाही मला. कोणालाच माहीत नाही. मी रडले. आणि तुझ्यासाठी नाही रडले, तिच्यावरच्या रागाने रडले. ती गेली आणि मी उरले, याचा राग."

"आणि काल मी तुझ्या खांद्यावर..."

"हो."

ठकी वळली. निघून जाईल असं वाटलं. पण ती काचेपाशी जाऊन उभी राहिली, पडद्यावरच्या हातमोज्यांकडे बघत. पाऊलबाई वाट बघत राहिली. जे मिळालं होतं ते आपण पोरीच्या हातून काढून घेतलं, आणि बदल्यात काय दिलं, तर वारा. आता ही आपल्याशी बोलली नाही तरी तिला दोष देता येणार नव्हता. शेवटी ठकी पाठमोरीच म्हणाली, "मग ती कसा घ्यायची?"

"काय?"

"श्वास. तू शेजारी झोपायचीस ना तिच्या. कसा घ्यायची? दाखव."

पाऊलबाई आतल्या खोलीत गेली, ठकी तिच्या मागोमाग. चपला काढल्या, दांडा धरला, पाय उचलले. खांदे लगेच बोंबलायला लागले. वय झालं होतं त्यांचं. ताईची लकब तिला पाठ होती. अवघड काम आलं की ताई श्वास रोखायची, जीभ पुढच्या दातांमागे टेकवायची आणि मग श्वास थोडा थोडा करत सोडायची, बारीक शिट्टी वाजल्यासारखा. कंटाळल्यासारखाही नाही आणि घाबरल्यासारखा तर नाहीच. जणू काय समोरच्याला सांगतेय, थांब जरा, बघते तुझ्याकडे. तिने तसा सोडला. नुसती हवा आली. पुन्हा सोडला. पुन्हा नुसतीच हवा. ती खाली उतरली, हात झटकत.

"ती शिट्टी नाही येत माझ्याच्याने. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. माझ्या नाहीये."

बोलून झाल्यावर ती ठकीकडे बघत राहिली. ठकीही तिच्याकडे बघत राहिली, तोंड मिटून, आणि मग तिची जीभ आतल्या आत दातांमागे गेली हे मावशीला गालावरून कळलं. ठकी खाली वाकली. कामाचे जाड बूट काढले, मोजे काढले, ते नीट एकात एक घालून बाजूला ठेवले. काचेपलीकडे दिग्दर्शक उठून उभा राहिला आणि मधल्या स्पीकरवरून म्हणाला, "मॅडम, एक मिनिट, पण मग या सीनमध्ये दुःख कुठे आहे?"

"नाहीये," पाऊलबाई म्हणाली.

"प्रेक्षक काय..."

"हेल्मेट माझं आहे," ठकी म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्यातलं चित्रही माझं आहे. हा श्वास नको असेल तर चित्र पण नको. खिडकीतल्या माणसांवर काढा मग सिनेमा."

तिने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पाय सोडले. मावशीने माइक तिच्या ओठांशी आणला आणि स्वतः कानाला हेडफोन लावला. कानसेनने कोणी न सांगता चित्र पहिल्यापासून सुरू केलं. लाल दिवा लागला. पडद्यावर ताईचा उजवा हात वर गेला, एक दगड चाचपला, सोडून दिला. ठकी सुरुवातीला नुसतीच लटकत होती, शांत, बोगद्यात कामाला लटकावं तशी. तिचा श्वास साधा होता. मग हात भरून आले असावेत. तिने श्वास रोखला. पडद्यावर डावा हात बर्फाखालच्या कपारीत गेला आणि घट्ट बसला, आणि नेमकं तेव्हाच, कोणी इशारा न करता, ठकीच्या दातांच्या फटीतून ती बारीक शिट्टी निघाली. थोडी, थांबून आणखी थोडी, आणि मग उरलेली. पाऊलबाईने हेडफोन कानावर घट्ट दाबला. गुंडाळलेल्या चादरीत, परीक्षेच्या आदल्या रात्री, कानाशी हीच शिट्टी असायची आणि ती ताईला म्हणायची, झोप ना गं बाई आता. तिला रडू आलं नाही. राग गेला म्हणावं तर तोही गेला नव्हता, तिथेच होता, पण ताई त्याच्याहून मोठी होऊन त्याच्यापुढे उभी होती, नेहमीसारखी पाठमोरी, आणि वर कुठून जायचं ते बघत होती.

हात वर जात राहिले. दगड, बर्फ, दगड. शिट्टी येत राहिली, तुटक, चिवट, कोणाला न जुमानणारी. कुऱ्हाड एकदा घसरली, तेव्हा ठकीच्या तोंडून एक छोटासा हुंकार निघाला, शिवीच्या जवळ जाणारा. काचेपलीकडे दिग्दर्शक खाली बसला होता. मग पडद्यावर एकदम सगळं पांढरं झालं. चित्र संपलं. कानसेनचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला, कारण हेडफोनमध्ये श्वास चालूच होता. ठकी डोळे मिटून लटकत होती. तिचे दंड थरथरत होते, बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"सोड गं आता," मावशी म्हणाली. "संपलं चित्र. हात जातील."

ठकीने डोळे उघडले नाहीत. तिने श्वास रोखला, दांड्यावरची पकड बदलली, आणि दातांतून थोडा थोडा करत तो सोडला.

"थांब, मावशी. अजून आहे."